नागपूरहून मोठी बस भाड्याने घेताना: वऱ्हाड, सहल आणि देवदर्शनासाठी

वऱ्हाड न्यायचं असो, शेगावचं दर्शन असो की सोसायटीची पचमढीची सहल, चाळीस-पन्नास माणसांची बस ठरवायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किलोमीटरला काय घेता?" उत्तर फोनवरच मिळतं, ॲडव्हान्सही लगेच जातो आणि निघायच्या दिवशी दारात भलतीच गाडी उभी राहते. याचं कारण साधं आहे. फोन घेणारा पुष्कळदा एजंट असतो. त्याची स्वतःची गाडी नसते, तुमचं बुकिंग हातात आल्यावर तो मिळेल त्या मालकाकडून गाडी उचलतो. म्हणून दर ठरवण्याआधी गाडीचा नंबर, ड्रायव्हर आणि वेळापत्रक ठरवा. दर त्यानंतर विचारला तरच दोन मालकांचे दर एकमेकांशी ताडून पाहता येतात.

आधी स्वतःचा कागद तयार करा

एका कागदावर चार गोष्टी लिहा: नक्की येणारी माणसं, त्यात साठीच्या पुढचे आणि लहान मुलं किती, सामान किती, आणि तासावार वेळापत्रक.

माणसं मोजताना मांडीवर बसणाऱ्या मुलांनाही सीट धरा. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या आसनसंख्येपेक्षा एक जरी माणूस जास्त बसवला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-अ प्रमाणे जादा माणसामागे 200 रुपये दंड आहे, आणि जादा माणसांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी पुढे सोडत नाहीत. रात्री दहाला सावनेरच्या पुढे चार पाहुण्यांसाठी दुसरी गाडी शोधणं काय असतं, ते शत्रूवरही येऊ नये. उलट शेवटच्या दोन दिवसांत गळणारी माणसंही असतातच. पन्नास नावं आली असतील तर प्रत्येकाकडून आधी पैसे घ्या, मग आकडा पक्का माना.

वेळापत्रकात मोटारीचा वेग धरू नका. मोठ्या बसची खरी सरासरी चांगल्या महामार्गावर ताशी 50, समृद्धीवर 65-70 आणि घाटात 25-30 किलोमीटर पडते. प्रवासी गाडीला स्पीड गव्हर्नर असतो आणि तो ताशी 80 ला अडवतो, त्यामुळे "पुढे भरून काढू" हे बसमध्ये होत नाही. दर थांब्याला अर्धा तास धरा. चाळीस माणसं पंधरा मिनिटांत चहा पिऊन परत बसत नाहीत.

कोणती गाडी

बारा ते सतरा माणसांना टेम्पो ट्रॅव्हलर पुरते. वीस ते पस्तीसपर्यंत मिनीबस. त्यापुढे बारा मीटरची मोठी गाडी, 2 बाय 2 (वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सीट) पुशबॅक, म्हणजे पाठ मागे कलणाऱ्या, साधारण 45 ते 49 सीट. 2 बाय 3 मांडणीच्या गाडीत पन्नासच्या वर माणसं बसतात आणि भाडंही कमी पडतं, पण सीट अरुंद असते. रामटेकला जाऊन यायला चालेल, शिर्डीला नको.

स्लीपरचा मोह रात्रीच्या प्रवासाला होतो. त्यात साधारण तीस ते छत्तीसच जागा असतात, मधली वाट चिंचोळी असते आणि वरच्या बर्थवरून ज्येष्ठांना उतरवणं कठीण जातं. दिवसाच्या सहलीला स्लीपर अजिबात घेऊ नका, कारण दिवसभर बसायला त्यात जागाच नीट नसते.

शाळेची पिवळी बस सुटीच्या दिवशी स्वस्तात मिळते. ती टाळा. तिचा परवाना विद्यार्थी वाहतुकीचा असतो. परवान्याबाहेरच्या कामावर अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवते.

एसटीचाही पर्याय आहे, आणि तो बरेच जण विसरतात. महामंडळ 'प्रासंगिक करारा'वर लग्न, सहल, यात्रेसाठी गाडी देतं. त्यासाठी आगार व्यवस्थापकांच्या नावाने अर्ज द्यायचा. नागपुरात गणेशपेठच्या मध्यवर्ती बसस्थानकावर चौकशी करता येते. शालेय सहलींना भाड्यात 50 टक्के सवलत मिळते. एसी, पुशबॅक असे लाड नसतात, पण ड्रायव्हर प्रशिक्षित असतो आणि बंद पडल्यास जवळच्या आगाराची मदत मिळू शकते. शाळेच्या सहलीसाठी आमचं मत स्पष्ट आहे: आधी एसटी विचारा.

भाड्याचं गणित

लांबच्या प्रवासाला भाडं किलोमीटरवर असतं, पण त्याला रोजच्या किमान किलोमीटरची अट असते. बहुतेक ठिकाणी ती 250 किंवा 300 असते. तुम्ही शंभरच किलोमीटर फिरलात तरी पैसे तीनशेचे. मोजणी मालकाच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत होते, तुमच्या दारापासून नाही. गाडी कळमन्याला उभी असते आणि माणसं हिंगण्याला, तर जाण्या-येण्याचा तो पट्टाही तुमच्याच माथी. म्हणून गाडी कुठून सुटते ते विचारा आणि शक्य असेल तर तेवढे किलोमीटर आकड्यात बांधून घ्या.

सगळ्यात जास्त पैसे दिवस मोजण्यात जातात. बरेच मालक तारीख धरतात, म्हणजे रात्री बाराला तारीख बदलली की नवा दिवस सुरू. शेगावचं उदाहरण घ्या. जाऊन-येऊन, स्थानिक फिरणं आणि गॅरेज धरून 640 किलोमीटर होतात. दर समजा 60 रुपये आणि किमान 300.

शुक्रवारी रात्री 11 ला निघालात, शनिवारी दर्शन घेतलं, रात्री 8 ला निघून रविवारी पहाटे 3 ला परत आलात, तर शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन तारखा लागल्या. किमान 900 किलोमीटर, म्हणजे 54,000 रुपये. तोच प्रवास शनिवारी पहाटे 5 ला सुरू केला, दुपारी पोचून मुक्काम केला, रविवारी सकाळी दर्शन घेऊन दुपारी 1 ला निघून रात्री 8 ला परत आलात, तर तारखा दोनच. किमान 600, प्रत्यक्षात 640, म्हणजे 38,400 रुपये. फरक 15,600 रुपयांचा. तो मुक्कामाच्या खर्चाला लागतो, आणि ड्रायव्हरही दोन्ही रात्री झोपतो. काही मालक तारखेऐवजी 24 तासांचा दिवस धरतात. तो हिशेब मिळाला तर तुमच्या फायद्याचा आहे, पण तसं लिहून घ्या.

दराच्या वर काय काय लागेल ते एकेक विचारा: टोल, पार्किंग, ड्रायव्हर-क्लीनरचा रोजचा भत्ता, रात्री गाडी चालवल्याचा वेगळा आकार, परराज्याचा कर किंवा परवाना, जीएसटी. "सगळं धरून" या दोन शब्दांवर कधीच समाधान मानू नका. टोल फास्टॅगमधून मालकाच्या खात्यातून कापला जातो, तेव्हा शेवटी पावत्या नव्हे, फास्टॅगचा तपशील मागायचा.

वऱ्हाडाला बहुधा ठोक भाव सांगतात. त्यात तास आणि किलोमीटर दोन्हींची मर्यादा असते आणि लग्नं वेळेवर लागत नाहीत. ठोक भावात गाडी किती वाजेपर्यंत थांबेल आणि पुढच्या दर तासाला किती, हे वधूपक्षाच्या हॉलचा पत्ता सांगतानाच ठरवून टाका.

एप्रिल-मे, तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त, दिवाळीची सुटी आणि डिसेंबरातल्या शालेय सहली या काळात चांगल्या गाड्या आधी जातात. दाट मुहूर्ताला दोन महिने, एरवी तीन-चार आठवडे आधी ठरवा.

ड्रायव्हर एक की दोन

इथे घासाघीस करू नका. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा, 1961 प्रमाणे ड्रायव्हरचं काम दिवसाला 8 तास, लांब पल्ल्याला फार तर 10 तास होतं. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागे. आता नागपूर-शेगाव एका दिवसात जाऊन येण्याचा बेत पाहा: सहा तास जायचे, सहा यायचे. बारा तास स्टिअरिंगवर, आणि मधल्या वेळात तो उन्हात तापलेल्या गाडीत पडून राहिलेला. एका ड्रायव्हरवर हा बेत होतच नाही. एकतर दुसरा ड्रायव्हर घ्या, नाहीतर मुक्काम करा.

दुसरा ड्रायव्हर म्हणून क्लीनरला उभं करण्याची चाल सर्रास चालते. दोघांचेही प्रवासी जड वाहनाचे परवाने आणि बॅज पाहा, मुदत तपासा. मुक्कामाच्या ठिकाणी त्यांच्यासाठी खोली आणि जेवण आधीच राखून ठेवा. गाडीतल्या सीटवर काढलेली रात्र सकाळी घाटात दिसते.

समृद्धी महामार्ग सरळ आणि एकसुरी आहे, त्यावर डोळा लागण्याचा धोका मोठा. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली, 25 प्रवासी गेले. गाडी दाराच्या बाजूवर पडली होती, म्हणून बाहेर पडायची वाटच बंद झाली. त्यामुळे दोन गोष्टी पाळा: मध्यरात्र ते पहाटे पाच गाडी रस्त्यावर नसेल असा बेत आखा, आणि खालच्या परिच्छेदातली पाहणी टाळू नका.

गाडी जाऊन पाहा

ॲडव्हान्स देण्याआधी गाडी उभी असेल तिथे दुपारी जा. अर्धा तास पुरे.

टायरपासून सुरुवात करा. मोठ्या बसला सहा टायर आणि एक स्टेपनी. पुढचे दोन सर्वात महत्त्वाचे, ते रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, नसावेत. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. 2223 असेल तर 2023 सालच्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला. खाचा झिजल्यात का, बाजूला चिरा आहेत का, ते बोट फिरवून पाहा. उन्हाळ्यात काँक्रीटच्या रस्त्यावर भरल्या गाडीचा जुना टायर फुटतो तो याच चिरांतून.

मग आत चढा आणि आपत्कालीन दार शोधा. ते मुख्य दाराच्या विरुद्ध बाजूला किंवा मागे असतं. ते उघडायला सांगा, समोर उघडायला. कित्येक गाड्यांत त्याच्या पुढ्यात जादा सीट ठोकलेली असते किंवा कडी गंजलेली असते. तसं असेल तर दर कितीही चांगला असो, ती गाडी नको. काच फोडायच्या हातोड्या जागेवर आहेत का, छतावरची झाकणं उघडतात का, तेही पाहा. अग्निशामक सिलिंडरवर छोटी तबकडी असते, तिचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा आणि पुढच्या तपासणीची तारीख उलटलेली नसावी. एक ड्रायव्हरजवळ हवा आणि तो दोरीने बांधलेला किंवा पिशव्यांखाली गाडलेला नसावा.

एसीची परीक्षा दारातल्या वाऱ्यावर होत नाही. इंजिन चालू करून वीस मिनिटं थांबा आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसा. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांकडे जातो. मागच्या रांगेत हात गार पडला नाही तर सहलीत तिथे कुणीही बसणार नाही. बहुतेक गाड्यांत एसी मुख्य इंजिनावरच चालतो, म्हणजे गाडी उभी असताना एसी हवा तर डिझेल जळणार. जेवणाच्या थांब्यावर एसी चालू ठेवायचा की नाही, हा वाद म्हणूनच होतो. तो आधीच मिटवा.

पुशबॅकचे प्रत्येक रांगेतले एक-दोन खटके दाबून पाहा. डिक्की उघडा. तिच्यात मालकाचं पार्सल भरलेलं राहणार नाही, हे बोलून घ्या. ही तक्रार फार जुनी आहे.

कागदपत्रं

नंबरप्लेट पिवळी, अक्षरं काळी. एमएच 31 नागपूर शहर, 40 ग्रामीण, 49 पूर्व नागपूर. बाहेरचा नंबर असला म्हणून गाडी वाईट नसते, पण मालक कुठला ते विचारा. नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की फिटनेस, विमा, पीयूसी आणि परवान्याच्या मुदती दिसतात. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला फिटनेस दोन वर्षांचा मिळतो, त्यानंतर दरवर्षी घ्यावा लागतो. सगळ्या मुदती तुमच्या परतीच्या तारखेनंतरच्या हव्यात.

नागपूरकरांना परवान्याचा प्रश्न लवकर येतो, कारण पचमढी, छिंदवाडा, पेंचचं तुरिया गेट सगळं मध्य प्रदेशात. गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना असेल तर राज्याच्या सीमेवर वेगळा कर भरावा लागत नाही. फक्त महाराष्ट्राचा परवाना असेल तर त्या फेरीसाठी विशेष परवाना काढावा लागतो. तो काढणं मालकाचं काम आहे, पण त्याची प्रत निघण्याआधी तुमच्या हातात हवी. प्रवाशांची नावं-वयांची यादी गाडीत ठेवा, वाटेत तपासणीला विचारतात.

ठराव लिहून घ्या

बोलणं झालं की त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर असा मजकूर पाठवा आणि "मान्य" असं उत्तर घ्या:

"गाडी क्र. ___, 45 सीट, एसी, 2 बाय 2 पुशबॅक. निघणे शनिवार पहाटे 5, छत्रपती चौक. परत रविवार रात्री 8. मार्ग अमरावती-अकोला-शेगाव. दर ___ प्रति किमी, किमान 300 रोज, एकूण दिवस 2. गॅरेजचे 20 किमी धरून. टोल प्रत्यक्ष, फास्टॅगनुसार. भत्ता ___ रोज. ड्रायव्हर 2, नावे ___. थांब्यावर एसी ___. ॲडव्हान्स ___, बाकी परतल्यावर. हीच गाडी न आल्यास त्याच प्रतीची किंवा वरची, त्याच दरात. गाडी बंद पडल्यास 3 तासांत दुसरी. एसी बंद पडल्यास विनाएसी दर."

बंद गाडीची अट अनेकांना जास्तीची वाटते. मालकाने ती मान्य केली नाही तर त्याच्याकडे दुसरी गाडी नाही, हे तुम्हाला वेळेत कळतं. ॲडव्हान्स पंचवीस ते तीस टक्के, तोही ज्याच्याशी ठराव झाला त्याच्याच खात्यात. रद्द केल्यास किती परत, ती ओळही घाला.

गाडी कुठे उभी राहील

बारा मीटरच्या गाडीला वळायला वीस मीटरपेक्षा जास्त मोकळी जागा लागते. महाल, इतवारीच्या गल्ल्या तिच्या नाहीत. वस्त्यांत लोंबत्या तारा आणि झाडांच्या फांद्या एसीच्या छताला लागतात. माणसांनीच मोठ्या रस्त्यावर यावं. एकच जागा उत्तम, फार तर दोन, कारण दर जागेला पंधरा मिनिटं जातात. शेवटची जागा जायच्या दिशेला ठेवा: अमरावतीकडे वाडी, समृद्धीला वर्धा रोड, छिंदवाड्याकडे मानकापूर-कोराडी रोड, चिमूर आणि ताडोबाच्या कोलारा गेटकडे उमरेड रोड. शहरात खासगी बस कुठे थांबवता येतात याचे वाहतूक पोलिसांचे आदेश बदलत असतात, ते ड्रायव्हरला आदल्या दिवशी विचारा. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल-इतवारी आणि दसऱ्याला दीक्षाभूमीचा परिसर टाळूनच जागा निवडा. पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं.

जिथे जायचं तिथलीही चौकशी करा. पचमढीत गावापर्यंत बस जाते, पण धूपगडसारख्या ठिकाणांना जिप्सी करावी लागते. ताडोबातही सफारीला वेगळी गाडी लागते. हा खर्च बसच्या भाड्यात धरला जात नाही.

निघायच्या दिवशी

गाडी अर्धा तास आधी बोलवा. नंबर ठरावाशी जुळतो का पाहा, मीटरचा फोटो काढा, ड्रायव्हरच्या समोर. आपत्कालीन दार पुन्हा उघडून पाहा आणि ते कुठे आहे ते माइकवरून सगळ्यांना सांगा. सामान डिक्कीत, मधल्या वाटेत काहीच नको, पाण्याचा जारसुद्धा. उन्हाळ्यात माणशी तीन लिटर धरलं तर 45 माणसांना 135 लिटर, म्हणजे 20 लिटरचे सात जार.

देवदर्शनाच्या गाड्यांत वाटेत स्वयंपाकासाठी शेगडी आणि गॅस सिलिंडर न्यायची पद्धत आहे. सिलिंडर डिक्कीत ठेवू नका, वऱ्हाडाचे फटाकेही नको. स्वयंपाक करायचाच असेल तर मुक्कामाच्या गावी सिलिंडरची सोय लावा.

छिंदवाड्याच्या वाटेवर सिल्लेवानीचा घाट लागतो, पुढे तामियाचा. मागच्या चाकांच्या पलीकडच्या रांगा घाटात जास्त हलतात. ज्यांना ओकारी होते त्यांना आणि ज्येष्ठांना पुढे बसवा, पिशव्या हाताशी ठेवा आणि घाटाआधी भरपेट जेवण देऊ नका. घाट रात्री ठेवू नका.

वाटेत ड्रायव्हर डिझेलसाठी पैसे मागू शकतो. द्यायचे असतील तर आधी मालकाला फोन करा, यूपीआयने द्या आणि रक्कम त्याच व्हॉट्सॲपवर लिहा, म्हणजे ती बाकीतून वजा होईल. गाडी बंद पडली तर माणसांना उतरवून रस्त्याच्या कठड्यापलीकडे न्या, गाडीच्या मागे कुणी उभं राहू नका. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला 1033, रुग्णवाहिकेला 108, पोलीस आणि इतर तातडीला 112.

परतल्यावर आधी डिक्की आणि सीटवरचे रॅक रिकामे करा, मग मीटरचा दुसरा फोटो. किलोमीटर, तारखा, भत्ता, फास्टॅगचा तपशील, दिलेले डिझेलचे पैसे, सगळं ठरावाच्या मजकुरासमोर ठेवून मालकाशी हिशेब करा, ड्रायव्हरशी नाही. फास्टॅगचा तपशील यायला एखादा दिवस लागला तर टोलची रक्कम तेवढी मागे ठेवून बाकी चुकती करा आणि बिल घ्या.